मदत हवी आहे: कोविडनंतरचा खोकला, चिनी कॅप्सूल द्यावी का?

सागरिका: सासूबाई सिंगापूरला आमच्याकडे आल्यात. कोविड झाला, आता चाचणी निगेटिव्ह, पण खोकला हटत नाही, जिना चढताना दम लागतो. शेजारच्या चिनी आंटींनी लियानहुआ छिंगवेन या झाडपाल्याच्या औषधाच्या कॅप्सूल दिल्यात. द्यायच्या का? लवकर सांगा, सासूबाई आजच सुरू करायचं म्हणताहेत.

अवधूत_पुणे: वय? बीपी, शुगर? चालू औषधं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मोगरा: चिनी कशाला? आडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ यांचा काढा द्या. आमच्या घरी सगळे त्यावरच उभे राहिले.

शांघायकर: 2022 च्या लॉकडाऊनमध्ये शांघायला हेच औषध घरोघर वाटलं होतं. मीही घेतलं, ताप उतरला. चिनी औषधांना नावं ठेवू नका, चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालंय.

अवधूत_पुणे: ते मलेरियासाठी, आणि मलेरिया विषाणूमुळे होत नाही. शिवाय त्यांनी वनस्पतीतून आर्टेमिसिनिन हे द्रव्य वेगळं काढलं, मग ते तपासलं गेलं. ताप तर औषध न घेताही उतरतो. सिंगापूरच्या औषध नियामकाने लियानहुआला सर्दी-फ्लूच्या लक्षणांपुरतीच मान्यता दिलीय, कोविडसाठी नाही.

सागरिका: वय 71. बीपीची गोळी आहे. हृदयाची झडप बदललीय, म्हणून रक्त पातळ करायची गोळी, वॉरफेरिन. ते तर कायमचंच आहे.

वैद्य_चारुशीला: मग कॅप्सूल अजिबात देऊ नका. त्यात मा-हुआंग ही वनस्पती असते. त्यातल्या एफेड्रिनने बीपी आणि ठोके वाढतात. ज्येष्ठमधही असतं. ते जास्त पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं, अंगात पाणी साठतं. मोगराताई, म्हणून तुमचा काढाही नको. वॉरफेरिनवर असताना कुठलंही नवं औषध, झाडपाला धरून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि झडप बदललेल्या बाईंना दम लागतोय, हा नुसता खोकला समजू नका. आजच दाखवा, ऑक्सिजन आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) बघायला सांगा. बसल्या जागी दम लागला तर थेट इमर्जन्सीत न्या.

मोगरा: ज्येष्ठमध आम्ही लहानपणापासून चघळतोय, कुणाला काही झालं नाही.

वैद्य_चारुशीला: तुम्ही वॉरफेरिनवर नव्हता.

प्रवासी: व्हिजिट पासवर असतील तर विमा बघा, तिथे दवाखान्याचं बिल मोठं येतं.

सागरिका: आत्ताच निघतोय. आंटींना काय सांगू? त्यांनी फार प्रेमाने दिलंय.

शांघायकर: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, एवढं सांगा. इथले चिनी वैद्यही आधी तेच विचारतात. आंटींना पटेल.