बागेतली झाडं: उद्याच्या साफसफाईबद्दल

नेहा बी-२०३: नमस्कार. मीराच्या दप्तरात आज ही हिरवी फळं सापडली. घसरगुंडीमागच्या झाडाखालून गोळा केलीत म्हणे. फोटो टाकलाय. कसलं झाड आहे ते? प्लीज लवकर सांगा.

सेक्रेटरी: ॲपवर कण्हेर येतंय. उद्या ८ ला माणूस येतोच आहे, कंपाउंडलगतचं सगळं साफ करून घेतो.

सुमनकाकू ए-४०२: सगळं म्हणजे??

पाटील सी-३०४: पार्किंगमधल्या गळतीचं काय झालं?

सुमनकाकू: नेहा, आधी सांग, मीराने चावलं नाही ना? ही बिट्टी. पिवळी, कर्ण्यासारखी फुलं येतात ती. कण्हेरीला एका पेराला तीन-तीन पानं असतात, हिला एकेक, अरुंद आणि चकचकीत. तोडलं की पांढरा चीक. विषारी दोन्ही, आणि बिट्टीची बी तर थेट हृदयावर जाते.

नेहा: नाही चावलं काकू. पुन्हा पुन्हा विचारलं. हात साबणाने धुतलेत.

अण्णा देशपांडे: आमच्या लहानपणी मुली बिट्ट्यांनीच खेळायच्या. कोणाला काही झालं नाही.

सुमनकाकू: अण्णा, खेळणं वेगळं, चघळणं वेगळं. आणि सर्वांसाठी: पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरी मीठपाणी पाजत बसू नका. फळ पिशवीत घालून सरळ हॉस्पिटल गाठा.

नेहा: मग ते झाड काढाच.

सेक्रेटरी: तेच म्हणतोय. सगळंच काढू.

राहुल बी-५०१: केबिनमागे तर जंगल झालंय. परवा साप होता.

जोशी ए-२०१: पाइप होता तो 😂

सुमनकाकू: केबिनमागे सोनटक्का आहे!

सेक्रेटरी: हळद आहे ती. मी स्वतः पाहिलीय.

सुमनकाकू: पान चुरडून वास घ्या, हळद असेल तर लगेच कळेल. आणि हळदीची पानं लांब देठावर जमिनीतूनच वर येतात. सोनटक्क्याला उभा दांडा, दोन्ही बाजूंना पानांची रांग. फुलं नाहीत म्हणून ते तण ठरत नाही. भाद्रपदात संध्याकाळी तिथे उभे राहा, मग बोलू.

जोशी: मागे पारिजातक असाच 'साफ' झाला. तेव्हा कोणी सही केली होती, सांगू का?

सेक्रेटरी: जुने विषय ग्रुपवर नकोत, कृपया 🙏

पाटील: पार्किंगमधल्या गळतीचं काय झालं?

राहुल: आणि भिंतीलगतचं ते? एकाच गुच्छात पिवळी, गुलाबी फुलं. फुलपाखरं खूप येतात.

सुमनकाकू: घाणेरी. टणटणी म्हणतात ना, तीच. चौकोनी खोड, खरखरीत पान, चुरडलं की उग्र वास. फूल पिवळं उमलतं, जुनं झालं की गुलाबी होतं. मूळची अमेरिकेतली, पाखरं बिया खाऊन सगळीकडे पसरवतात. ती मुळासकट काढा, माझी हरकत नाही.

राहुल: फुलपाखरं जातील मग.

सुमनकाकू: तिथे लिंबू आणि कढीपत्ता लावू. त्या पानांवर अळ्या वाढतात, त्यांचीच फुलपाखरं होतात.

अण्णा: कढीपत्ता हवाच. पोह्यांची सोय.

जोशी: आठवड्यात बोडका होईल 😀

सेक्रेटरी: माणसाला आगाऊ पैसे दिलेत. ते कोण बघणार?

सुमनकाकू: पैसे बुडत नाहीत, रविवारी बोलवा. त्याआधी मी फिरून जे काढायचं त्याला लाल चिंधी बांधते. चिंधी नसेल त्याला हात लावायचा नाही. आणि ॲपला एकाच पानाचा फोटो दाखवू नका, ते काहीही सांगतं. पानं फांदीवर कशी बसलीत ते दिसायला हवं.

सेक्रेटरी: ठीक आहे. रविवारी. पण बिट्टी नक्की काढायची.

सुमनकाकू: काढा ना. हातमोजे घालून, चीक डोळ्यांत जाता कामा नये. फांद्या बागेत जाळायच्या नाहीत, धूर वाईट. खाली पडलेली फळं मात्र रविवारपर्यंत ठेवून चालणार नाही, सकाळी मुलं तिथेच असतात. मी बादली घेऊन आत्ताच उतरतेय. टॉर्च कोणाकडे आहे?

नेहा: आलेच काकू.

पाटील: माझ्याकडे मोठी आहे. घेऊन येतो.