जीएलआरच्या जॅकेटमध्ये क्षार साचलाय, हायड्रोक्लोरिक फिरवावं का?

वाळूज_शिफ्ट
३ केएलचा (३००० लिटरचा) ग्लास लाइन्ड (आतून काचेचं अस्तर, बाहेरून थंड पाण्याचं जॅकेट असलेला पोलादी) रिअ‍ॅक्टर, सॉल्व्हंटमधली एक्झोथर्मिक (उष्णता सोडणारी) रिअ‍ॅक्शन. बॅचशीटप्रमाणं मास (आतलं मिश्रण) ४५ अंशांवर धरून ४ तासांत डोसिंग (कच्चा माल हळूहळू सोडणं) संपायला पाहिजे. डिसेंबरात संपायचं. आता तापमान ५०-५२ ला जातं, ऑपरेटर डोसिंग थांबवत थांबवत चालवतात. कूलिंग टॉवरला टँकरचं बोअरचं पाणी जातं, त्यामुळं क्षार असणारच. ठेकेदार म्हणतो ५ टक्के हायड्रोक्लोरिकमध्ये इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) टाकून ६ तास फिरवू, बॉयलरला तेच करतो. करावं का? आणि डोसिंग ३५ अंशांवर घेतलं तर मार्जिन वाढेल का?

काचअस्तर
करू नका. बॉयलरला काच नसते.

अ‍ॅसिड लोखंडाला लागलं की अणुरूप हायड्रोजन तयार होतो. तो पोलादातून आरपार जातो आणि काच-पोलादाच्या सांध्यात वायू होऊन साठतो. दाब वाढला की आतली काच खपल्यांनी उडते, कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी. म्हणजे ठेकेदार बिल घेऊन गेल्यावर. इनहिबिटर गंज कमी करतो, हायड्रोजन शून्य करत नाही. नोझलच्या फ्लँजवरून बाहेरच्या पत्र्यावर अ‍ॅसिड ठिबकत राहिलं तरी हेच होतं, ते आजच बघून घ्या.

आधी जॅकेटचा खालचा ड्रेन उघडून गाळ काढा, वरचा व्हेंट उघडून अडकलेली हवा सोडा, इनलेटची स्वर्ल नोझलं (पाणी गोल फिरवणारी तोंडं) चोंदलीत का ते पाहा. बऱ्याचदा अर्धं काम इथंच होतं. तरीही क्षार राहिला तर न्यूट्रल किंवा अल्कलाइन चिलेटिंग (क्षार धरून विरघळवणारं) द्रावण, तेही जीएलआर बनवणाऱ्याची लेखी संमती घेऊनच. नंतर स्पार्क टेस्ट (काचेवर उच्च व्होल्टेज फिरवून दोष शोधणं) करा. व्होल्टेज निर्मात्यानं दिलेलंच ठेवा. नव्या भांड्याचं कारखान्यातलं व्होल्टेज वापरातल्या भांड्याला लावायचं नाही. रिअ‍ॅक्टर रिकामा, कोरडा आणि सॉल्व्हंटच्या वाफेपासून मोकळा हवा, कारण ती ठिणगीच आहे.

उष्मागणित
मला क्षार हा मुख्य गुन्हेगार वाटत नाही. जॅकेटला जाणारं पाणी डिसेंबरात किती होतं, आता किती?

वाळूज_शिफ्ट
तेव्हा २५, आता दुपारी ३३.

उष्मागणित
मग हिशेब करा. क्षेत्रफळ ९ चौरस मीटर, यू (उष्णता पार होण्याचा गुणांक) ३०० वॅट प्रति चौ.मी. प्रति अंश धरू. डिसेंबरात मास आणि पाण्यातला फरक २० अंश, म्हणजे ५४ किलोवॅट उष्णता निघायची. आता फरक १२, म्हणजे ३२. क्षारानं यू २२५ वर आला असेल (मिलिमीटरभर थराला इतकं होऊ शकतं) तर २४. मोठी घट गरम पाण्यानं केली, क्षारानं तिच्यात भर टाकली.

५४ किलोवॅटवर ४ तास लागत होते तर २४ वर ९ लागणार. बॅचशीट एकच ठेवून ऋतू बदलला की असं होतं. डोसिंगचा दर पाण्याच्या तापमानाशी बांधा, नाहीतर चिलरवर (पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर) जा. कायमचा इलाज म्हणजे जॅकेटला मऊ पाण्याचं बंद सर्किट, मधे प्लेट हीट एक्स्चेंजर. क्षार प्लेटवर बसू दे, ती उघडून धुता येते.

३५ वर डोसिंगचा विचार सोडा. फरक २ अंशांवर आला की जॅकेट उष्णता काढणार तरी कशी? चिलर लावलात तरी दुसरा धोका आहेच: थंडीत रिअ‍ॅक्शन मंदावते आणि टाकलेला माल न लागता साचतो. तुमच्याच आकड्यांवरून एकूण उष्णता सुमारे ७८० मेगाज्यूल. मास २४०० किलो आणि विशिष्ट उष्णता २ (किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश) धरली तर सगळी आत राहिल्यावर मास १६० अंशांनी चढेल. पाचवा हिस्सा साचला असेल तरी ३२ अंश. साचणं नेमकं किती, हे रिअ‍ॅक्शन कॅलरीमीटरवर मोजून घ्या, अंदाजानं नको.

वाळूज_शिफ्ट
अ‍ॅसिड रद्द केलं. लाईट गेली तर? डीजी (जनरेटर) उचलेपर्यंत ढवळणारा अ‍ॅजिटेटर बंद असतो.

काचअस्तर
डोसिंग व्हॉल्व्ह फेल-क्लोज हवा: वीज किंवा एअर गेली की आपोआप बंद. शिवाय अ‍ॅजिटेटर मोटरचा करंट पडला, कूलिंगचा फ्लो पडला किंवा तापमान हद्दीबाहेर गेलं, या तिन्हींवर डोसिंग आपोआप थांबवणारा इंटरलॉक. फक्त मोटरच्या कॉन्टॅक्टरवरून (चालू-बंद स्विचवरून) सिग्नल घेऊ नका. कपलिंग तुटलं तरी कॉन्टॅक्टर चालूच दाखवतो.

उष्मागणित
लाईट आल्यावर अ‍ॅजिटेटर लगेच पूर्ण वेगानं सुरू करायचा नाही. वेगळे थर झाले असतील तर साचलेलं सगळं एकदम मिसळतं. आधी कूलिंग, मग प्रोसेसवाल्याला विचारून निर्णय. कूलिंग पंपही डीजीवर घ्या. २००७ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये टी-टू लॅबोरेटरीजचा रिअ‍ॅक्टर फुटून ४ जण गेले, तिथं कूलिंगला पर्यायी व्यवस्था नव्हती. रप्चर डिस्कची (जादा दाबाला फाटून वाट देणाऱ्या चकतीची) साइझिंग शीटही काढून बघा. ती फक्त आग किंवा नायट्रोजनच्या दाबासाठी काढलेली असेल तर फेसाळत वर येणाऱ्या मासला पुरणार नाही. आणि तिची लाईन कॅच टँकमध्ये गेली पाहिजे, शेडच्या छतावर नाही.