आधी मुलीची दहावी बघा
ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला आणि टँकरच्या पाण्याला कंटाळून महाराष्ट्र सोडून बंगळूरला जावं का, असं विचारलंय तुम्ही. अहो, ट्रॅफिक आणि टँकर टाळायला बंगळूर? (माफ करा, हसू आलं.) राग राज्यावर आहे की त्याच रोडवरच्या गायमुखच्या चढावर, ते आधी ठरवा. मुलगी आठवीत आहे म्हणता, खरी मेख तिथे आहे. इथल्या मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाइलबरोबर (रहिवासी दाखल्याबरोबर) सहसा दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच लागते. गाडी १२ महिन्यांहून जास्त तिकडे राहिली की नव्याने नोंदणी, तिथला रोड टॅक्स वेगळा. माझा भाऊ गेला, पाच वर्षं झाली. ठाण्याची, एमएच-०४ची जुनी नंबरप्लेट अजून बाल्कनीत कुंड्यांमागे ठेवलीय त्याने.