साका: ऊन आणि बाठा

साका म्हणजे हापूसचा गर आतून पांढरट, भुसभुशीत होणं. त्याचं सगळं खापर उन्हावर फोडतात, ते अर्धंच खरं. तापलेल्या कातळाची धग फळाला लागते, म्हणून झाडाखाली गवताचं आच्छादन घालतात आणि त्याने फरकही पडतो. पण बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत एस. शिवशंकर आणि सहकाऱ्यांनी बोट ठेवलं ते बाठ्यावर. आंब्याचं बी धान्यासारखं सुप्तावस्थेत जात नाही. फळ झाडावर फार पिकू दिलं तर आतलं बी रुजायची तयारी सुरू करतं आणि त्यासाठी गरातलं पाणी ओढतं.

साका झालेला हापूस कापून बघा. साल पिवळीधमक, वासही उत्तम, आणि बाठ्याला लागून पांढरट, आंबट, भुसभुशीत गर. साका बहुतेक बाठ्याकडूनच बाहेर सरकतो, हे मला तरी पटण्यासारखं वाटतं. (गिऱ्हाईकाला मात्र हे सांगून उपयोग नाही, तो पेटी परतच आणतो!)

आमच्याकडे जुनी माणसं चौदा आणे (म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या थोडं आधी) आंबा काढून आढीत घालायची, त्यामागे हेच असावं. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना'त साका होत नाही. चव हापूसची नाही, हा वाद वेगळा.