आठवडे बाजारातला माल खरंच शेतकऱ्याचा आहे का, कसं ओळखता?

मृण्मयी_बाणेर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे आधी सगळी भाजी ॲपवरूनच यायची, हल्ली मात्र मी जवळच्या शेतकरी आठवडे बाजारात जायला लागलेय आणि खरं सांगते फरक पडतो, पालक दोन दिवसात पिवळा पडत नाही, काकडी कडू निघत नाही. सासूबाईंनी मेथीची जुडी हातात घेतली आणि काही न बोलता निवडायला बसल्या की समजायचं जमलं.

पण एक गोष्ट डोक्यात घोळतेय. एका स्टॉलवर आलं, लिंबू, सिमला मिरची, ब्रोकोली, दोडका, बीट आणि चक्क सफरचंदंसुद्धा होती आणि वर पाटी 'शेतातून थेट तुमच्या घरी'. आता पुण्याजवळ सफरचंद कुठे पिकतं? मग हा माणूस शेतकरी का मार्केट यार्डातून माल उचलून आणणारा व्यापारी? तुम्ही कसं ओळखता? आणि जे ऑर्गॅनिक म्हणून दीडपट भाव लावतात त्यांच्यावर विश्वास ठेवायचा का? शिवाय घासाघीस करावी की नाही, मला फार अवघडल्यासारखं होतं.

सदाशिव_पेठ_०२
मृण्मयीताई, सफरचंदवाला शेतकरी नाही हे तुम्ही बरोब्बर पकडलंत. पण जरा थांबा, दहा प्रकारच्या भाज्या दिसल्या म्हणजे लगेच व्यापारी असं नसतं. हे बाजार २०१६ पासून जास्त वाढले, तेव्हा राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, म्हणजे शेतकऱ्याला यार्डाबाहेर कुठंही विकायची मोकळीक मिळाली, आणि पणन मंडळानं संत सावता माळींच्या नावानं आठवडे बाजार भरवायला सुरुवात केली. मुंबईत विधानभवनाच्या आवारातही त्याच वर्षी रविवारचा बाजार सुरू झाला होता. या बाजारात बऱ्याचदा एकटा शेतकरी नसतो, गट असतो नाहीतर शेतकरी उत्पादक कंपनी असते, गावातल्या पंधरावीस जणांचा माल एका टेम्पोत येतो आणि त्यातली दोनचार पोरं विकायला उभी राहतात. म्हणून एका टेबलावर वांगी पण असतात आणि कोथिंबीर पण.

मग ओळखायचं कसं तर मी सरळ गप्पा मारतो. दादा कुठलं गाव, कधी काढली, पाणी विहिरीचं का कॅनॉलचं, पुढच्या आठवड्यात काय येणार. ज्याच्या घरचा माल आहे तो थांबतच नाही हो, भाव बाजूला राहतो आणि पाऊस, मजूर, रानडुकरं सगळं सांगतो. ज्याला 'फ्रेश आहे साहेब' यापलीकडे काही सांगता येत नाही तिथं मी पुढे सरकतो. दुसरं म्हणजे माल एकसारखा नसतो, वांग्यात लहानमोठी मिसळलेली असतात, गाजराला माती असते. आणि सीझन संपला की त्यांच्याकडची ती भाजी पण संपते. बारा महिने मटार असणारा स्टॉल मी तरी शेतकऱ्याचा धरत नाही.

पुरंदरचा_शेतकरी
वरच्या दादांनी चांगलं सांगितलं. मी स्वतः गटातून माल आणतो म्हणून थोडं लिहितो, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

ताई तुम्ही भेंडी घेता ना, ती एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर निबर होते आणि मग तिला कुणी विचारत नाही. भल्या पहाटे तोडायची, अंगाला खाज सुटते म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, हाताला मोजे, उन्हाच्या आत सावलीत आणून निवडायची, वाकडी वेगळी, किडकी वेगळी. पालेभाजी आदल्या संध्याकाळी काढतो आणि ओलं बारदान टाकून ठेवतो, मग टेम्पो तुमच्याकडं. जुडीवर वरून पाणी मारलेलं असतं त्यात काही खोटं नाही, ऊन लागतं म्हणून मारावंच लागतं, पण तुम्ही जुडी बांधलेल्या जागी बोटानं जरा उघडून बघा, आत चिकट आणि काळपट असेल तर ती कालपरवाची. वांग्याचा देठ हिरवागार आणि काटे टोचणारे पाहिजेत. भेंडीची टोकं मोडून बघायची सवय मात्र सोडा ही विनंती, मोडलेली भेंडी दुसरं गिऱ्हाईक घेत नाही आणि ती आमच्याकडंच राहते. हातानं दाबूनच कळतं कवळी आहे का ते.

घासाघिशीचं विचारलंत म्हणून. यार्डात माल टाकला की भाव आमच्या हातात नसतो, आवक वाढली की ज्या भावात जाईल त्या भावात द्यायचा, वर हमाली, तोलाई, गाडीभाडं. आठवडे बाजारात आम्ही गटात बसून सकाळी भाव ठरवतो, यार्डापेक्षा वर आणि तुमच्या दारातल्या दुकानापेक्षा खाली. त्यातून पाचदहा रुपये कमी करा म्हणलं की वाईट वाटत नाही, पण जे गिऱ्हाईक दर आठवड्याला येतं आणि न बोलता घेतं त्याच्या पिशवीत आम्हीच मूठभर मिरच्या, कढीपत्ता टाकतो. आणि संध्याकाळी शेवटच्या तासात या, उरलेला माल परत न्यायला परवडत नाही, तेव्हा आम्हीच भाव खाली आणतो. फक्त तेव्हा निवडायला काही राहत नाही.

डोंबिवलीची_शमा
मी पुण्याची नाही पण राहवलं नाही. माझ्यासाठी खरा शेतकरी बाजार म्हणजे पावसाळ्यात स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायका, शहापूर, मुरबाड, कर्जतच्या बाजूच्या, बहुतेक आदिवासी पाड्यांवरच्या, पहाटेच्या लोकलनं टोपली घेऊन येतात. कसला स्टॉल आणि कसली पाटी. पहिल्या पावसाच्या आसपास शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली. या सगळ्या रानभाज्या, बहुतेक कुणी लावत नाही, रानातून खुडून आणतात, त्यामुळे हा माल कुठल्या यार्डातून उचलला का हा प्रश्न सहसा येत नाही.

शेवळं घ्याल तर त्याच बाईकडून काकडं पण मागून घ्या, छोटी हिरवी आंबट फळं असतात, शेवळं नुसती केली तर घसा खाजतो. वरचं पापुद्र्याचं साल आणि आतला पिवळा दांडा काढून टाकायचा, बारीक चिरून तेलावर नीट परतायची, काकडं ठेचून त्याचं पाणी घालायचं. आमच्याकडे कोळंबी घालतात, श्रावण सोडून. कशी करायची ते तिलाच विचारा, आनंदानं सांगतात. आणि इथं मात्र प्लीज भाव करू नका, एक वाटा जमवायला किती रान तुडवावं लागतं.

मृण्मयी_बाणेर
किती छान सांगताय सगळे! टोकं मोडायची सवय आजपासून बंद, आणि शमा, शेवळं मी आयुष्यात खाल्ली नाहीत, आता शोधणार. ऑर्गॅनिकचं कुणी सांगेल का?

गच्चीवरची_बाग
मी सांगते, आमच्या सोसायटीत भाजी देणारा एक गट सर्टिफाइड आहे म्हणून माहिती आहे. पॅकबंद सर्टिफाइड मालावर 'जैविक भारत' हा सरकारी लोगो असतो, तो बघायचा. लहान शेतकऱ्यांसाठी पीजीएस-इंडिया नावाची पद्धत आहे, त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा आणि एकमेकांच्या शेताची तपासणी करायची, जमीन अजून रसायनातून बाहेर पडतेय तोवर 'पीजीएस-ग्रीन' आणि पूर्ण झाली की 'पीजीएस-ऑरगॅनिक'. तर ऑर्गॅनिक म्हणणाऱ्याला प्रेमानं विचारा, दादा तुमचा गट कुठला, सर्टिफिकेट आहे का. ज्याच्याकडे असतं त्याला दाखवायची हौस असते. मात्र स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला कायद्यानं सर्टिफिकेटची सक्ती नाही, त्यामुळे कागद नाही म्हणजे खोटं असंही नाही. तिथं शेत बघायला येऊ का विचारायचं. आम्ही गेलोय, शेणखताचा ढीग, दशपर्णी अर्काचा (झाडपाल्यापासून केलेल्या कीडनाशकाचा) ड्रम, सगळं दाखवलं, वर जेवूनच जा म्हणाले. नुसती पाटी बघून दीडपट पैसे मी तरी देत नाही.

पुरंदरचा_शेतकरी
बरोबर आहे. मी ऑर्गॅनिक नाही, खोटं कशाला सांगू, फवारणी करावी लागते. पण औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते, तेवढे दिवस थांबतो. ताई तुम्ही 'ऑर्गॅनिक आहे का' विचारण्यापेक्षा 'शेवटची फवारणी कधी झाली' विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, दुसऱ्याला ज्याचं रान आहे त्यालाच उत्तर देता येतं.

मृण्मयी_बाणेर
हा प्रश्न मी लिहूनच घेतला. दादा पुरंदरचे म्हणजे अंजिरं पण असतात का तुमच्याकडे? सासूबाईंचा जीव आहे त्यांच्यावर.

पुरंदरचा_शेतकरी
आहेत की. अंजिराचे दोन बहार म्हणजे हंगाम असतात, मीठा बहार मार्च ते मे, चवीला तोच चांगला, खट्टा बहार हिवाळ्यात असतो. सकाळी पहिल्या तासातच या, अंजीर पिकलं की हातात सुद्धा धरवत नाही, दुपारपर्यंत मऊ पडतं. पिशवीत टाकू नका, घरून पसरट डबा आणा, खाली पानं मी घालून देतो. घरी गेल्यावर धुवून ठेवू नका, खाताना धुवा, आणि त्याच दिवशी संपवा.