गोऱ्यांचं पदक आणि आपला चौक

पारोळेकर: आमच्या आबांच्या पुतळ्यावर काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘दुसऱ्या महायुद्धात गोऱ्यांच्या पगारावर लढलेल्याचा पुतळा आपल्या चौकात कशाला?’ रात्रभर डोक्यातून जाईना. रायगडच्या माणगावात व्हिक्टोरिया क्रॉसवाले, म्हणजे इंग्रजांचं सर्वात मोठं शौर्यपदक मिळवलेले, नाईक (फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944, इटली. सोबतचे सगळे पडले, हा एकटा मशीनगनवर धावून गेला. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि शत्रूच्या उरलेल्या दोघांना ठेचलं. लगेच स्वतःही पडला. वय 22. पगारासाठी कुणी असं धावतं का? आमच्या आबांना मिलिटरी मेडल त्याच इटलीतलं. त्यांचा पुतळा झालाच पाहिजे.

बोरीकाठ: ते वाक्य माझंच, मागे घेणार नाही. खानदेशात आधी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांचा मान. 11 एप्रिल 1858 ला सातपुड्यातल्या अंबापाणीला भिल्ल गोऱ्यांशी भिडले, त्यांना पदक कोण देणार होतं?

पारोळेकर: सेंधवा घाटाची राखण खाज्या नाईकांनीही आधी इंग्रजांचा पगार घेऊनच केली होती. मग?

बोरीकाठ: घेतला आणि लाथाडला! फरक तिथंच आहे. 1825 ला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली, ती आपल्याच माणसांवर आपलीच माणसं सोडायला. शाळेत हे कुणी शिकवतं?

सातपुडा: दोघंही खाज्या नाईकांचं नाव घेताय. तुमच्या गावच्या भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, नळ आहे का, ते आधी सांगा. माझी माय अजून हापशावर रांग लावते.

बोरीकाठ: विषय पुतळ्याचा आहे.

सातपुडा: आमचा विषय आला की तुमचा विषय वेगळाच असतो!

माजी हवालदार: भांडू नका. आमच्या गावची पोरं भरतीसाठी पहाटे 4 ला हायवेच्या कडेनं पळतात. गेल्या हिवाळ्यात पुतण्याला डंपरनं उडवलं. एक बूट मोरीत सापडला, लेस बांधलेलीच होती. पुतळ्याच्या पैशात धावायला मैदान करा, आबांचं नाव द्या. शिवाय रस्त्यावर, सार्वजनिक जागेत नवे पुतळे नकोत, असा सुप्रीम कोर्टाचा 2013 चा आदेश आहे.

पारोळेकर: हवालदार साहेब, पुतण्याचं वाचून हात थांबला. पण आबांचं पदक पत्र्याच्या पेटीत पडलंय, रिबन उंदरांनी कुरतडली. गावात त्यांचा चेहरा आठवणारी आता दोन म्हातारी माणसं. आमना गावना पोऱ्या व्हता तो, हे पुढच्यांना कळणार कसं? बरं, चौक सोडला. मैदानाला लागून माझे दोन गुंठे आहेत, पुतळा तिथं बसवतो.

बोरीकाठ: स्वतःच्या जागेत बसवताय तर मी कोण अडवणार? मुरूम टाकायला ट्रॅक्टर माझा घ्या. पण पाटीवर ‘इंग्रजांच्या फौजेत’ हे शब्द हवेत. ते गाळले तर पहिला विरोध माझाच.