शेअरचा जोर मोजायला मॅकडी, पीपीओ की ऑसम? सल्ला हवा (खर्च शून्य)

शिरोली_दिवसपाळी: एमआयडीसीत दिवसपाळी आहे, चार्ट संध्याकाळीच बघतो. रोजची कॅण्डल (दिवसाचे भाव दाखवणारा एक बार), फक्त डिलिव्हरी (त्याच दिवशी विकत नाही), १०-१२ शेअर. त्यातल्या कुणात जोर जास्त ते एकमेकांशी ताडून बघायचंय. इंडिकेटर (भावावरून काढलेलं मोजमाप) एकच हवा, पैसे भरायचे नाहीत. मॅकडी (१२ आणि २६ दिवसांच्या सरासरीतला फरक) घेऊ का?

गुजरी_कट्टा: मॅकडी १२-२६-९, दुसरं काही बघू नकोस भावा. चांदीला मी तोच लावतो. आणि चार्टचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन टाक, मोठा स्क्रीनही घे.

पंचगंगा_घाट: खर्च शून्य म्हणालेत ते. आणि ताडून बघायला मॅकडी चालत नाही, तो रुपयांत असतो. १५० च्या शेअरचा १२ दिवसांचा ईएमए (ताज्या भावाला जास्त वजन देणारी सरासरी) १५३ आणि २६ ईएमए १५० असेल तर मॅकडी ३. तीन हजारांच्या शेअरचे ३०३० आणि ३००० असतील तर ३०. दुसरा दहापट जोरात दिसतो, पण टक्क्यात पहिला २ आणि दुसरा १. हेच टक्क्यातलं अंतर म्हणजे पीपीओ. तोच लावा.

राजारामपुरी_१५मिनिट: रोजच्या कॅण्डलवर सिग्नल फार उशिरा येतो. १५ मिनिटांवर लावा.

पंचगंगा_घाट: दिवसपाळीत १५ मिनिटं कोण बघणार? शिवाय सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे २५ कॅण्डल. सकाळी गॅप पडला (कालच्या बंद भावापासून उडी मारून भाव उघडला) की २६ चा ईएमए दिवसभर तो गॅपच पचवत बसतो.

रंकाळा_ईएमए: ऑसम वापरा. ५ आणि ३४ दिवसांच्या सरासरीतला फरक, हिरवे-लाल बार, बघायला सोपं.

टेंबलाई_शीट: ऑसममध्ये साधी सरासरी असते, तीही दिवसाच्या उच्चांक-नीचांकाच्या मध्याची. बंद भाव त्यात येतच नाही. ३४ दिवसांपूर्वीची मोठी कॅण्डल सरासरीतून बाहेर पडली की आज भाव जागचा हलला नाही तरी बारचा रंग बदलू शकतो. ईएमएत जुना भाव हळूहळू विरतो, असा एकदम गळत नाही. आणि ऑसमही रुपयांतच, म्हणजे ताडून बघायची अडचण तीच.

पीपीओ शीटमध्ये फुकट होतो. आजचा १२ ईएमए = आजचा बंद भाव × २/१३ + कालचा ईएमए × ११/१३. २६ साठी २/२७ आणि २५/२७. दोन्हींतला फरक भागिले २६ चा ईएमए, गुणिले १००. किमान १०० दिवसांचे भाव आधी भरा, नाहीतर पहिल्या आकड्याचा प्रभाव उरतो. बोनस किंवा स्प्लिट झाला असेल (शेअरची संख्या वाढून भाव त्या प्रमाणात उतरला असेल) तर जुने भाव त्या प्रमाणात कमी करून घ्या, नाहीतर पीपीओ खड्ड्यात गेलेला दिसेल.

गुजरी_कट्टा: चांदीत असलं काही लागत नाही.

टेंबलाई_शीट: लागतं. वायद्याचा करार बदलतो त्या दिवशी जोडचार्टवर (एकामागून एक करार जोडून केलेला चार्ट) भाव उडी घेतो आणि मॅकडी खोटा क्रॉस (रेषा ओलांडल्याचा सिग्नल) देतो.

रंकाळा_ईएमए: मग पीपीओच घ्या, मीही तेच म्हणणार होतो. हिस्टोग्राम (पीपीओ आणि त्याची ९ दिवसांची सरासरी म्हणजे सिग्नल लाइन, यांतल्या अंतराचे बार) आखडला की लगेच विका.

पंचगंगा_घाट: असं विकू नका! शेअर रोज बरोबर २ रुपये वाढत राहिला तर १२ चा ईएमए भावाच्या ११ रुपये मागे राहतो आणि २६ चा २५ रुपये. मॅकडी १४ वर सपाट, हिस्टोग्राम शून्य. भाव मात्र रोज वर. हिस्टोग्राम वेग वाढतोय की घटतोय तेवढंच सांगतो, दिशा शून्यरेषेवरून (आकडा शून्याच्या वर की खाली) बघायची.

शिरोली_दिवसपाळी: सगळ्यांचे आभार. पीपीओच घेतो, पण रोजचा नाही, आठवड्याचा. सिग्नल लाइन आणि हिस्टोग्राम दोन्ही काढून टाकतोय. शुक्रवारचे बंद भाव शनिवारी शीटमध्ये भरणार आणि शून्याच्या वर असलेल्यांची टक्क्यांप्रमाणे उतरंड लावणार.

राजारामपुरी_१५मिनिट: आठवड्यावर तर अजून उशीर होईल!

टेंबलाई_शीट: मग १०० दिवस नाही, १०० आठवडे भरायला लागतील. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचे भाव. नव्याने लिस्ट झालेले शेअर त्या उतरंडीत घेऊ नका.